सायकलवरची सवत

माझ्या नवऱ्याच्या पहिल्या कादंबरीतली नायिका मला आजही आवडत नाही. लोक माझ्यासमोर तिचं कौतुक करतात, मी हसून मान डोलावते, पण आत जळते ते जळतेच. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. पुस्तकात पानोपानी आहे, हवं त्यानं तिथं वाचावं. माझ्या लिखाणात तिला आणखी जागा कशाला द्यायची?

पुस्तक छापून आल्यावर हळदीकुंकवाला बायका हमखास विचारायच्या, "ती म्हंजे तुमीच नं हो बाई?" काही जणी आणखी आगाऊ. त्या जवळ सरकून, आवाज खाली आणून म्हणायच्या, "खरं सांगा, पुन्याले कोनी होती काय मास्तराइची?" दोन्ही प्रश्नांनी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण पुस्तक लिहून होत होतं तेव्हा मला स्वतःलाच तेवढं एक जाणून घ्यायचं होतं. ती मी आहे की ती दुसरी कोणी आहे? दुसरं काही मला त्या दिवसांत सुचत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. हे मेहकरच्या शाळेत मास्तर होते आणि मी डोणगावची, मोटारीनं तासाभराच्या वाटेवरची. यांचं घर मलकापूरकडचं. म्हणजे जन्मले आमच्याच बोलीत, पण चार वर्षं पुण्याच्या कॉलेजात काढून आले आणि जिभेवरचा वऱ्हाड पार धुऊन आले. मी "मले" म्हटलं की हे "मला" म्हणायचे. रागावून नाही, अगदी हळू, वर्गातल्या पोराला सांगावं तसं. मी "काऊन" म्हटलं की "का". मी आज हे सगळं नीटनेटकं लिहिते आहे ती त्यांचीच शिकवणी आहे, पण त्या वेळी माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. यांची आई आम्हा दोघांपेक्षा ठसक्यात बोलायची. तिला "मला म्हण" म्हणायची यांची छाती नव्हती.

आता नावाचं सांगते, कारण सगळी आग तिथलीच आहे. मी यांना "हे" म्हणते. आयुष्यभर म्हटलं. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. आणि नवऱ्यानं बायकोचं नाव घेतलं तर आयुष्य वगैरे काही कमी होत नाही, फक्त चारचौघांत हसं होतं. म्हणून हे मला "अगं" म्हणायचे. लांब असले तर "अगं, ऐकलंस का". लग्नात घास भरवताना उखाणा घ्यायची पाळी आली तेव्हा यांनी नेमक्या नावाच्या जागी ठसका लागल्याचं सोंग केलं. माझ्या आत्यानं पुन्हा घ्यायला लावलं, तर पुन्हा ठसका. मांडवात हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली.

पण ते नाव यांनीच ठेवलेलं होतं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. यांनी लिहिलं. कोणी सुचवलं नव्हतं, यांनी स्वतः शोधून आणलेलं, पुण्याच्या कुठल्याशा पोथीतून. मी वाकून वाचलं आणि मला ते फार आवडलं. मग बायकांनी ते तांदूळ गोळा केले आणि ते नाव तिथंच संपलं. माहेरी मला जुन्याच नावानं हाका मारत. सासरी मी सूनबाई. मेहकरात मास्तरीणबाई. यांनी निवडलेलं ते सुंदर नाव कोणी कधी तोंडातून काढलंच नाही, आणि ज्यांनी निवडलं त्यांनी तर नाहीच नाही.

आणि मग ही आली. हिचंही नाव यांनीच ठेवलं, आणि हिचं मात्र दिवसभर घेऊ लागले.

लिहिताना यांना मोठ्यानं पुटपुटायची सवय. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, म्हणून पोरांच्या परीक्षेच्या पेपरांची मागची कोरी बाजू यांनी लिहायला घेतली. पुढच्या बाजूला कोणा पोरानं अकबराच्या राज्यकारभाराची वाट लावलेली आणि मागं ही बाई खिडकीत उभी राहून चंद्र बघते आहे. मी चुलीपाशी आणि हे ओसरीवर. तिथून तिचं नाव यायचं. कधी लाडानं, कधी काकुळतीनं, कधी नुसतंच, वाक्य अडलं म्हणून चार वेळा. आणि मध्येच, "अगं, पाणी आण."

पाणी नेऊन द्यायची. तांब्या जरा जोरातच आपटायची. यांच्या लक्षात यायचं नाही.

ती पुण्याची होती. तिची जीभ स्वच्छ, "मले-तुले"चा डाग नाही. पेटी वाजवायची. आणि पहिल्याच प्रकरणात सायकलवर बसून यायची, वेणीला लाल रिबन. ते ऐकलं आणि तव्यावरची माझी भाकरी करपली. कारण लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी मला एकदा भोळेपणानं सांगितलं होतं, की पुण्यात ज्यांच्याकडं खोली घेऊन राहायचे त्यांची मुलगी सायकल चालवायची. "आख्ख्या पेठेत ती एकटी," असंही म्हणाले होते, आणि हसले होते. तेव्हा मीही हसले होते. आता ते हसणं आठवून आठवून चावत बसले. मेहकरात तेव्हा सायकली मोजक्या, आणि बाईमाणसाला सायकलवर बसलेलं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मला साधी कल्पनाही करता येईना, की लुगडं कुठं जातं.

शेजारी कापडाचे व्यापारी राहायचे, त्यांची बीबी माझी मैत्रीण. आमच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत होती. मी भांडी घासायला बसले की ती पलीकडून डोकं वर काढायची. "क्यूं बाई, आज क्या कर रई तुमारी सौत?" मी तिला रोजची खबर द्यायची. आज बागेत गेली. आज तिला हिरो भेटला. आज रुसून बसली. बीबीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या कादंबरीची पहिली वाचक तीच. एकदा म्हणाली, "कागज की हे ना? चूल्हे में डालो, छुट्टी."

खोटं कशाला बोलू, मी एकदा गठ्ठा हातात घेतला होता. ओलं सरपण पेटत नव्हतं. पण उलटून पाहिलं तर पुढच्या बाजूला पोरांचे मार्क टाकायचे राहिलेले. नागपूरहून शाळा तपासायला साहेब यायचे होते. पोरांच्या नशिबानं ती वाचली.

दसरा झाला आणि मला हिवताप आला. एक दिवसाआड यायचा. थंडी भरली की दात वाजायचे, दोन गोधड्या घेतल्या तरी भागायचं नाही, आणि उतरला की चिंच खावीशी वाटायची. मी तशीच उठून भाकरी थापायची. हे जेवून शाळेत जायचे, येऊन लिहायला बसायचे. माझा चेहरा यांनी बघितला की नाही देव जाणे. रविवारी सकाळी मी ताट वाढलं आणि यांनी ते बाजूला सारलं. डोळे पाणावलेले.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"जेवण जात नाही गं," हे म्हणाले. आणि तिचं नाव घेऊन म्हणाले, "तिला फार ताप आहे."

मला आधी वाटलं, ओळखीतलं कोणी आजारी पडलं. मग उमगलं. मी फणफणत्या तापात चुलीपुढून उठून आले होते, अंगावर घोंगडी होती, आणि हा गृहस्थ कागदावरच्या बाईच्या तापासाठी रडत होता. माझ्या डोक्यात सणक गेली.

"मंग तिलेच सांगा भाकरी थापाले," मी म्हटलं.

"थापायला," हे म्हणाले.

बस्स. मी आत गेले, लुगड्यांचं बोचकं बांधलं, वाटेत लागेल म्हणून एक भाकरी फडक्यात गुंडाळून त्यात खोचली. बाहेर येऊन म्हटलं, "मी डोनगावले जाऊन राह्यली."

कागदातून मान वर न काढता यांनी "हं" केलं.

मोटारी तेव्हा कोळशावर चालायच्या. पेट्रोल सगळं लढाईला जायचं. गाडीच्या मागं भट्टी बसवलेली, क्लीनर हातानं पंखा फिरवून फिरवून ती धगधगवायचा आणि मग गाडीच्या मनात आलं तर ती निघायची. मी मोटारस्टँडवर निंबाखाली बोचक्यावर बसले. आणखी पाच-सहा बाया होत्या, कोणी लोणारची, कोणी माझ्याच वाटेची. पंखा घरघरत होता, धूर होता, क्लीनर कोणाच्या तरी मायबहिणीचा उद्धार करत होता. आणि मी रस्त्याकडं बघत होते.

मला वाटत होतं, हे येतील. आता येतील. "हं" म्हणाले खरे, पण दोन ओळी झाल्या की मान वर काढतील, घर रिकामं दिसेल, आणि पायात वहाणा न घालता धावत येतील. आले तर काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. चांगलं टोचून बोलणार होते. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, एक पोलीस गेला, हे आले नाहीत. मग मला वाईट वाटण्याऐवजी हेवाच वाटायला लागला. ती बाई निघून गेली असती तर हे गप्प बसले असते? दोन प्रकरणं रडून काढली असती.

एवढ्यात एक बकरी आली आणि माझ्या बोचक्याचा कोपरा चघळू लागली. तिला भाकरीचा वास लागला असावा. मी हाकललं नाही. हाकलण्याइतकी ताकदच नव्हती अंगात. मग मी ती भाकरी काढली आणि तुकडा तुकडा करून बकरीला चारली, आणि चारताना मला रडू आलं. मी पदर तोंडावर ओढून घेतला, कोणी बघितलं नसावं. पुढं किती तरी वेळानं ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "आज काई निंघत नाई हे. उद्या पहा."

म्हणून मी घरी आले. प्रेमानं वगैरे नाही, मोटार निघाली नाही म्हणून आले. हे ओसरीवर होते, कागद पुढ्यात. माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा लिहू लागले. मी बोचकं ठेवलं आणि आडवी झाले. संध्याकाळी यांनी डॉक्टरकडून कोयनेलच्या गोळ्या आणून उशाशी ठेवल्या. त्याबद्दल मी आभार मानले नाहीत. बकरीचं मी कोणालाच सांगितलं नाही, बीबीलासुद्धा नाही. नवरा आणायला आला नाही आणि बकरी आली, हे काय सांगायचं?

कादंबरी उन्हाळ्यात पुरी झाली. छापायला पाठवण्याआधी यांनी ती ओसरीवर वाचून दाखवायचं ठरवलं. दिवेलागणीला बैठक भरायची. गावातले एक वकील यायचे, पुण्यात शिकलेले, पुस्तकातल्या पुण्याच्या प्रत्येक गल्लीत खोड काढणारे. आमचे शेजारी कापडवाले यायचे. ते मराठी ऐकून उर्दूत दाद द्यायचे. शाळेचे एक-दोन मास्तर. मी दाराआड, पानसुपारीचं तबक घेऊन. दाराच्या फटीतून यांची पाठ दिसायची.

माझा जळफळाट आता गावजेवण झाला होता. सगळे तिच्यावर फिदा. ती सायकलवरून आली की वकील मांडी थोपटायचे. ती रुसली की कापडवाले "हाय हाय" करायचे. मग तिच्या आजारपणाचं प्रकरण आलं. तिचे दात वाजत होते. तिच्यावर दोन गोधड्या घातल्या, तरी थंडी जाईना. ताप उतरल्यावर तिनं चिंच मागितली. ओसरीवर एक मास्तर उपरण्यानं डोळे पुसू लागले.

मी दाराआड ताठ उभी राहिले. हा ताप माझा होता! दात माझे, गोधड्या माझ्या, चिंच माझी. यांनी सगळं पाहिलं होतं तर. पाहिलं आणि उचलून तिला नेऊन दिलं. माझ्या तापाला कोणी डोळे पुसले नव्हते. तिला कसले मेले डास चावले होते पुण्यात? मला एखादा दागिना चोरीला गेल्यासारखा राग आला, आणि चोर कोण ते माहीत असून ओरडता येईना.

शेवटच्या बैठकीला ती नवऱ्यावर रुसून घर सोडते ते प्रकरण होतं. ती पुण्याच्या स्टेशनावर येते, सामानावर बसते. गाडीला उशीर आहे. ती रस्त्याकडं बघते आहे. हे संथपणे वाचत होते. "इतक्यात एक बकरी आली," यांनी वाचलं, "आणि तिच्या बोचक्याचा कोपरा चघळू लागली."

वकील खदखदून हसले. "अहो मास्तर! पुण्याच्या स्टेशनावर बकरी? तिथं तिले प्लॅटफॉर्मचं तिकीट कोन देते?"

"असते कधी कधी," हे म्हणाले.

"आमी चार वर्सं आलो-गेलो, आमाले नाई दिसली."

"तुम्ही पाहिलं नसेल," हे म्हणाले आणि पुढं वाचू लागले. ती बकरीला हाकलत नाही. फडक्यातून खायला काढून तिला तुकडा तुकडा चारते, आणि तोंडावर पदर ओढते.

मी तबक खाली ठेवलं आणि फटीला डोळा लावला. मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही. हे सांगायला तिथं असावं लागतं. निंबापासून जवळ कुठं तरी, जिथून बकरी दिसते आणि पदर दिसतो, एवढं जवळ. आणि तरी त्या क्षणी मला तिचाच हेवा वाटला. कारण पुढच्या ओळीत तिचा नवरा धावत आला. अनवाणी, घामाघूम, गर्दीतून वाट काढत. गाडीची शिट्टी झाली. आता तिला ऐकू जाणार नाही म्हणून तो सगळ्या स्टेशनासमोर, छाती फुटेस्तोवर, तिला नावानं हाक मारतो.

आणि यांनी माझं नाव घेतलं.

तेच. तांदळात लिहिलेलं. मोठ्यानं, हाक मारावी तसं. मी ते नाव उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं. मला आधी कळलंच नाही की ते माझं आहे. मग कानाच्या पाळ्या तापल्या.

ओसरीवर कोणाला काही समजलं नाही. समजणार कसं? माझं नाव गावात माहीत कोणाला होतं?

"थांबा थांबा," वकील म्हणाले. "हे कोन नवीन बाई आली मधातच?"

हे कागदाकडं बघत राहिले. मान लाल झालेली मला मागून दिसली. "चुकलं," म्हणाले. "वाचताना चूक झाली." आणि तिचं नाव घालून ती ओळ पुन्हा वाचली. कापडवाल्यांनी मात्र एकदा यांच्याकडं बघितलं, एकदा दाराकडं, आणि खाली बघून दाढीवरून हात फिरवला. त्या दिवशी त्यांनी दाद दिली नाही. पान घेतलं आणि लवकर उठले.

सकाळी हे ओसरीच्या खांबाला आरसा टांगून दाढी करत होते. तोंडाला फेस. मी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

"त्या दिशी तुमी स्टँडवर आले होते," मी म्हटलं.

वस्तरा थांबला. "कोण म्हणालं?"

"बकरी म्हने."

यांनी वस्तरा खाली ठेवला. आरशातच बघत होते, माझ्याकडं नाही. "आलो होतो," म्हणाले.

"मंग बोलले काऊन नाई?"

या वेळी "का" म्हणाले नाहीत. "हाक मारली ना. 'अगं' म्हणालो. 'अगं, ऐकलंस का' म्हणालो. पंखा घरघरत होता, तो क्लीनर बोंबलत होता. तिथं बसलेल्या सगळ्या बायकांनी वळून बघितलं. तूच नाही बघितलंस, तोंडावर पदर होता तुझ्या. एक म्हातारी म्हणाली, कोन पायजे भाऊ? आता काय सांगणार तिला?"

"माह्यं नाव सांगाचं."

"चारचौघांत?"

"तिचं तं घेतलं, साऱ्या टेसनासमोर."

"ती पुस्तकातली आहे गं."

"पुस्तकातल्या बाईले नवरा आनाले येते. आमाले बकरी येते." मी पदर खोचला. "आन ते सायकलवाली? ते कोन?"

"कुठली सायकलवाली?" यांना खरंच आठवेना. मग आठवलं आणि हे हसले, आणि मला ते हसणं मुळीच आवडलं नाही. "त्या घरमालकांची मुलगी? अगं, तिची फक्त सायकल घेतली. आणि ती रिबन. तिच्याशी मी चार शब्द बोललो नाही कधी. बाकी सगळी..." हे थांबले. "ताप कोणाचा होता तो? तो रागाचा तांब्या कोण आपटतं त्यात?"

तांब्याही आहे तर, मला वाटलं. तो मी ऐकला नव्हता. भाकरी भाजत असेन त्या वेळी.

"मंग नाव तिचं काऊन?" मी म्हटलं. "सारं माह्यं घेतलं, दात बी घेतले, आन नाव दुसरंच?"

हे बोलले ते अगदी हळू, आणि यांच्या आईच्या बोलीत. "तुह्यं नाव रोज मोठ्यानं घ्याचं, लिहाचं, लोकाइले वाचून दाखवाचं... मले नाई जमलं असतं. लाज वाटते मले. पयल्यापासून वाटते. ताटात लिहिलं तवाबी हात कापत होता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी येऊ दिलं. पण हेवा असा एका वाक्यानं जात नाही. काल तिच्या जागी चुकून का होईना, मला एकदा मिळालं होतं, आणि आता मला ते न चुकता हवं होतं.

"आता घ्या," मी म्हटलं. "इथं कोनी नाई. एकदा घ्या."

यांनी आधी परसाकडं बघितलं, मग रस्त्याकडं. कोणी नव्हतं. पंच्यानं तोंडावरचा फेस पुसला. माझ्याकडं वळले. ओठ हलले, नावाचं पहिलं अक्षर ओठांवर आलेलं मला दिसलं. कपाळावर घाम आला बिचाऱ्यांच्या. मी श्वास धरून उभी. मग यांनी डोळे मिटून घेतले आणि हाक मारली.

तिच्या नावानं.

दुसरी कोणी असती तर घर सोडून गेली असती. मीही एकदा निघालेच होते, आणि तेव्हाही कारण हीच बया होती. पण त्या आवाजात जे होतं ते कालच्या हाकेतलंच होतं, अगदी तेच, आणि ते मला सोडवेना.

मी "ओ" दिली. तोंड मात्र भिंतीकडं फिरवलं.